पहिला डोळा

आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळात एक नियम आहे. एकट्याने पाहिलेला पक्षी आम्ही धरत नाही. ज्याला आधी दिसला त्याने तोंडाने बोलून दाखवायचं, शेजारच्याने तो बघायचा आणि मग दोघांच्या सह्यांनी नोंदवहीत नोंद करायची. वहीत त्यासाठी दोन रकाने आहेत, ‘पहिला डोळा’ आणि ‘दुसरा डोळा’. नियम जनावरांच्या डॉक्टरांनी केला. त्यांच्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमधून जागा करून आम्ही सातजण रविवारी बसतो. पूर्वी एका सभासदाने असा काही पक्षी एकट्याने पाहून लिहून टाकला होता की त्यापायी दोन माणसं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. तेव्हापासून दोन डोळे लागतात.

वही माझ्या अक्षरात आहे. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, तेव्हा अक्षर बरं असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. बावीस वर्षांच्या त्या वहीत दुसऱ्या डोळ्याच्या रकान्यात माझं नाव पानोपानी आहे. पहिल्या डोळ्याच्या रकान्यात ते एकदाही नाही. मला पक्षी दिसत नाहीत असं नाही. दिसतात. पण तो नक्की तोच का, शेपटीखाली खरंच पांढरं होतं की मला वाटलं, हे मी मनात घोळवेपर्यंत शेजारचा बोलून मोकळा होतो. ही सवय छापखान्यातली असावी. मुद्रित तपासणाऱ्याने स्वतः काही ठरवायचं नसतं. मूळ प्रत शेजारी ठेवायची, ओळ ओळीशी ताडायची आणि शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढून वर पाठवायचं. ठरवणारे वर असतात. माझ्या खिशातल्या लहान वहीतही प्रत्येक पक्ष्यापुढे असं एक प्रश्नचिन्ह आहे. सुटले आहेत ते चिमणी, कावळा आणि कबुतर.

ताईबरोबर आमच्या भाचीकडे, परदेशी जायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दोन विमानांच्या मध्ये किती वेळ आहे?"

"नऊ तास."

"नऊ तासांत माणूस एकदा तरी तोंड उघडतो. एक नोंद स्वतःच्या नावाची घेऊन या बघू."

"पण दुसरा डोळा कुठून आणू?"

"ताई आहेत ना बरोबर?"

"तिला पक्ष्यांतलं काही कळत नाही हो."

"डोळे आहेत ना? मग झालं तर."

सगळे हसले, मीही हसलो. पण ते माझ्या मनात घर करून बसलं. एकाहत्तराव्या वर्षी अशी इच्छा असावी हे सांगायला संकोच वाटतो. तरी सांगतो. त्या रकान्यात एकदा, एकदाच, मला माझं नाव हवं होतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कापडाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिने चौतीस वर्षं उभ्याने काढली, आणि गुडघे तिथेच ठेवून आली. म्हणून विमानतळावर तिला चाकाची खुर्ची मिळाली होती. लहानपणी मला चष्मा लागला त्या दिवसापासून ती मला घुबड म्हणते. घरातली बाकीची माणसं गेली, आता हे नाव तिच्याकडेच उरलं आहे.

खुर्ची ढकलणाऱ्या गणवेशातल्या माणसाने आम्हाला एका भल्यामोठ्या काचेपाशी आणून सोडलं, घड्याळावर बोट ठेवून संध्याकाळी परत येतो असं खुणेने सांगितलं आणि तो निघून गेला. सकाळचे दहा वाजले होते. काच जमिनीपासून छतापर्यंत होती. बाहेर विमानांच्या शेपट्या, सामानाच्या गाड्यांची माळ, त्यापलीकडे लांबच लांब गवत आणि गवताच्या कडेने उंच खांब. आत खुर्च्यांच्या रांगा, कुंड्यांतली मोठ्या पानांची झाडं, कॉफीचा ठेला. खुर्च्यांखाली चार-सहा चिमण्या उड्या मारत होत्या. कधीतरी दार उघडं राहिलं असेल तेव्हा आत शिरल्या असतील. मी वही काढली आणि सवयीने लिहून टाकलं : चिमण्या, ६.

मग पिशवीतून दुर्बीण काढली आणि मफलरखाली लपवली.

"ते काय करतोयस?" ताईने विचारलं.

"विमानतळ आहे ताई. दुर्बीण लावून विमानांकडे बघणारा म्हातारा म्हणजे उगाच कोणाला संशय यायचा."

"तुझ्याकडे बघून कोणाला संशय येणार आहे, घुबडा? तुझ्याकडे बघून लोक उठून जागा देतात."

तरी मी मफलर तसाच ठेवला आणि त्याच्या आडून गवत बघायला लागलो. तासभर काही नाही. एक कबुतर आलं, गेलं. ताईने पिशवीतलं विणकाम काढलं. ती विणताना सुयांकडे बघत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघते.

आणि मग मला तो दिसला. गवताच्या कडेच्या खांबावर, अगदी टोकाला, मान डावीकडे वळवून बसलेला. पाठ पाटीच्या दगडासारखी निळसर राखी. गालावर मिशीसारखी काळी पट्टी. छातीवर आडव्या बारीक रेघा. पाय पिवळे. मी पक्ष्यांचं पुस्तक मांडीवर उघडलं आणि एकेक खूण ताडून बघितली. पाठ जुळली. मिशी जुळली. रेघा, पाय, चोचीचा बाक, सगळं जुळलं. चित्रातल्या पक्ष्याची मानसुद्धा डावीकडेच होती. पुस्तकाशी इतका तंतोतंत जुळणारा पक्षी मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाऊण तास मी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि लहान वहीत लिहिलं : बहिरी ससाणा. पुढे प्रश्नचिन्ह काढलं नाही.

"ताई," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला, "तिकडे बहिरी ससाणा आहे. तिसऱ्या खांबावर. जगातला सगळ्यात वेगाने झेप घेणारा पक्षी. तू बघ आणि सही कर."

"कशावर सही?"

मी तिला मंडळाचा नियम सांगितला. पहिला डोळा, दुसरा डोळा, बावीस वर्षं, सगळं. तिने विणकाम खाली ठेवलं, दुर्बीण घेतली आणि बराच वेळ बघितलं. मी पेन उघडून धरलं होतं.

"किती वेळ बघतोयस ह्याला?"

"पाऊण तास."

"तेवढ्यात हलला का?"

"शिकारी पक्षी तासन्‌तास बसून राहतात ताई."

"बाहेर वारा आहे. ते गवत बघ कसं आडवं होतंय. ह्याचं एक पीस उडत नाही."

मी पुस्तकातल्या चित्राकडे बघितलं.

"छातीवरच्या रेघा बघ. सगळ्या एका जाडीच्या, एका अंतरावर. हा छापील माल आहे." तिने दुर्बीण जराशी सरकवली. "पुढच्या खांबावर अजून एक आहे. मान डावीकडेच. त्याच्या पुढच्यावरही आहे, त्याचीही डावीकडेच. आणि तुझ्या ह्या ससाण्याच्या पायाशी कबुतर येऊन बसलंय."

मी दुर्बीण घेतली. कबुतर खरंच बसलं होतं. चोचीने पंख विंचरत होतं, आरामात.

पक्षी धावपट्टीवर येऊ नयेत म्हणून खांबाखांबावर प्लास्टिकचे ससाणे बसवून ठेवले होते. पुस्तकाशी जुळणारच होते. ते बनवणाऱ्यानेही असंच एखादं चित्र समोर ठेवलं असणार. जन्मात एकदा मी प्रश्नचिन्ह गाळलं, ते एका बाहुल्यापुढे.

ताई हसली नाही. निदान पहिलं मिनिटभर नाही. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी चष्मा काढून तिने पदराने डोळे पुसले.

"पाखरं हाकलायला ठेवलेत रे ते. पाखरं आली शेजारी बसायला, आणि अडकला कोण?"

"पुरे आता."

"डॉक्टरांना सांगू नकोस हं. वही मिटवून टाकतील."

मी दुर्बीण पिशवीत टाकली. वहीतली ओळ खोडली. तसं मला कोणी काही म्हणालं नव्हतं, आजूबाजूच्या कोणाचं आमच्याकडे लक्षही नव्हतं, पण माझे कान गरम झाले होते. थोड्या वेळाने मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कळलं नाही. अडलं."

"म्हणजे?"

"तू मूळ प्रत शेजारी ठेवून वाचायचास. आमच्याकडे मूळ प्रत कुठली? टेबलाखाली दिवा, वरून कापड जातंय, सरळ अंगावरून. बघत बसायचं नसतं. बघत बसलं की दहा मिनिटांत डोळे आंधळे होतात. जाऊ द्यायचं. जिथे नजर अडते तिथे हात मारून पट्टा थांबवायचा."

"पण अडलं काय, ते ठरवल्याशिवाय थांबवायचं कसं?"

"ते नंतर. आधी पट्टा. काय चुकलंय ते ठरवत बसलं तर कापड दहा वार पुढे गेलेलं असतं."

मला एकदम आठवलं, फार वर्षांपूर्वी तिने एक अख्खा दिवस कारखाना अडवून धरला होता. पांढऱ्या कापडाच्या एका ठाणात तिला काहीतरी अडलं. साहेब आले, रंगखात्याचा प्रमुख आला, तिघांनी दिव्याखाली धरून बघितलं, कोणाला काही दिसेना. ही म्हणाली, मलाही सांगता येत नाही, पण मी माझी नऊ नंबरची चिठ्ठी लावणार नाही. संध्याकाळी तुकडा धुऊन बघितला तेव्हा मधोमध पिवळट पट्टा उठला. सुताची एक गुंडी दुसऱ्या गिरणीतून आली होती. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून ‘हं’ म्हणालो होतो. आता, त्या काचेपाशी बसून, मला त्या ‘हं’ची शरम वाटली. आम्हा दोघांचंही पोट चुका शोधण्यावर चाललं. पण मी कागदाला कागद लावून बघत होतो, आणि ही बाई नुसत्या नजरेवर हजारो माणसांच्या अंगावरचं कापड पारखत होती. प्रत्येक ठाणाला एक चिठ्ठी असायची : तपासनीस क्र. ९. तिचं नाव कुठे नव्हतं.

"आणि चुकलीस तर?"

"पुष्कळदा चुकले. पट्टा परत चालू करायचा. त्यात काय?"

तिने बिस्किटांचा पुडा फोडला. चुरा खाली पडला, आणि खुर्च्यांखालच्या चिमण्या तिच्या चपलांपर्यंत आल्या. मी डोळे मिटून घेतले होते. मला वाटतं मी तेव्हा घरी गेल्यावर वही दुसऱ्या कोणाकडे सोपवावी असा विचार करत होतो.

"घुबडा, ह्यांच्यात बायका नसतात का रे?"

"कोणाच्यात?"

"ह्या चिमण्यांच्यात. सगळे दादलेच दिसतायत. आपल्याकडे गळ्याखाली काळं असतं तो चिमणा ना? चिमणी आपली साधी, मातकट. इथे सगळ्यांनाच काळं आहे. बायका कुठे गेल्या?"

मी डोळे उघडले.

"आणि गालाला तीट लावलीय प्रत्येकाच्या," ताई म्हणाली. "पांढरा गाल आणि मधोमध काळा ठिपका. आपल्या चिमण्याला नसतो. डोकंही आपल्याकडे वर राखी असतं, हे तपकिरी आहे, चहासारखं. आपल्या चिमण्या नाहीत ह्या."

मी वाकून बघितलं. दुर्बिणीची गरज नव्हती, दीड हातावर होत्या. पांढरे गाल, काळे ठिपके, चहाच्या रंगाच्या टोप्या. वृक्षचिमण्या. पुस्तकात त्यांचं चित्र नेहमीच्या चिमणीच्या शेजारीच आहे, मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल. तिथे लिहिलेलंही आहे : नर-मादी सारखेच दिसतात. आमच्या गावात ही चिमणी नाही. वहीत नाही. डॉक्टरांनीसुद्धा पाहिलेली नाही. आणि मी आल्या आल्या तिच्याकडे न बघताच, प्रश्नचिन्ह न काढता लिहून बसलो होतो : चिमण्या, ६.

मी ताईला हे सगळं सांगितलं, चित्रही दाखवलं.

"मग झालं की तुझं काम. घाल तुझ्या नावावर."

"आधी तू बोललीस."

"मी कशाला कुठे सांगायला जातेय? मला कोण ओळखतं तुझ्या त्या मंडळात? लिही तुझं नाव आणि मला दुसऱ्या डोळ्यात टाक. तेवढ्यासाठी आलास ना?"

ती हे अगदी मनापासून म्हणाली, म्हणूनच अवघड झालं. मी वही मांडीवर घेतली. पक्ष्याचं नाव, तारीख, ‘विमानतळ, काचेजवळ, आत’. मग ‘पहिला डोळा’ असं लिहून मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलंही. कोणाला कळणार नव्हतं. ताईला वाईट वाटणार नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं असतं.

ताई खाली वाकून उरलेला चुरा चिमण्यांकडे सारत होती. गुडघे दुखत असताना वाकत होती. मी ते अक्षर खोडलं, आणि छापखान्यात काढायचो तशी समासात ‘काढून टाका’ची खूण केली.

"ताई, पासपोर्टवर तुझं नाव कसं आहे? पूर्ण सांग."

"का? परत तपासणी आहे?"

"सांग तर."

तिने सांगितलं. मी ते पहिल्या डोळ्यापुढे लिहिलं, खाली माझं. प्रश्नचिन्ह कुठे काढलं नाही. तिने चष्मा चढवून वही हातात घेतली, वाचली, परत वाचली.

"आता ह्याचं काय होणार?"

"घरी गेल्यावर मोठ्या वहीत उतरवणार. ती राहते, कायमची."

"मधलं नाव गाळलंयस," ती म्हणाली. "आप्पांचं. ते घाल."

मी आप्पांचं, आमच्या वडिलांचं, नाव घातलं. तिने वही लगेच परत दिली नाही. थोडा वेळ मांडीवर, विणकामाच्या वर, तशीच ठेवली.

संध्याकाळी खुर्ची ढकलणारा माणूस सांगितल्याप्रमाणे आला. आमच्या विमानाचं दार दुसऱ्या टोकाला होतं, तिथवर सगळा रस्ता काचेच्या कडेने. तो ताईची खुर्ची ढकलत होता, मी शेजारून पिशव्या घेऊन चालत होतो. उशीर झालेला नव्हता तरी तो घाईत होता. बाहेर ऊन तिरपं झालं होतं आणि गवताच्या कडेचे खांब एकामागून एक मागे जात होते. मी ते बघत नव्हतो. जाऊ देत होतो. पहिला ससाणा गेला, मान डावीकडे. दुसरा गेला. तिसरा गेला.

"थांबा," मी म्हणालो.

इतक्या मोठ्याने म्हणालो की पुढचं एक कुटुंब वळून बघायला लागलं. खुर्चीवाल्याला आमची भाषा येत नव्हती, पण तो थांबला.

"काय झालं रे?"

"मागचा खांब. ससाण्याच्या डोक्यावर कोणीतरी बसलंय."

"कोण?"

"माहीत नाही."

दुर्बीण मी ताईला दिली. मफलर पिशवीतच राहिला. तिने बघितलं आणि लगेच म्हणाली, "आहे. जिवंत आहे, शेपूट हलतंय. एवढासा आहे. लिही. पाठ मातकट. डोळ्यावरून काळी पट्टी. छाती... छाती जरा पिवळट, फिक्या हळदीसारखी. पाय काळे."

मी उभ्यानेच लिहीत होतो. तेवढ्यात तो उडाला. शेपटीच्या बुडाशी पांढरं चमकलं आणि तो गवतात दिसेनासा झाला.

"पांढरं दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं. तुला?"

"मलाही दिसलं."

खुर्चीवाल्याने घड्याळ दाखवलं. आम्ही निघालो. दारापाशी रांगेत उभं असताना मी नोंद पुरी केली. पक्ष्याचं नाव : ठाऊक नाही. पहिला डोळा : मी. दुसरा डोळा : ताई, आप्पांच्या नावासकट. तिने रांगेतच, खुर्चीच्या हातावर वही टेकवून सही केली.

विमान वर गेल्यावर मी पुस्तक काढलं, खोटं कशाला बोलू. चाळून चाळून तीन पक्षी जुळले. एकाचे पाय जुळत नव्हते, मग दोन राहिले, मग परत तीन झाले.

"सापडलं का?" ताईने डोळे न उघडता विचारलं.

"तीन जुळतायत."

"मग डॉक्टर काय म्हणतील?"

"नावाशिवायची नोंद धरतील की नाही, सांगता येत नाही. अशी कोणी आणलीच नाही आजवर."

"नाही धरली तर मला बोलाव. मी बघते त्यांच्याकडे."

मी वही उघडली. ‘ठाऊक नाही’च्या पुढे प्रश्नचिन्ह काढायला हात गेला होता, तेवढ्यात विमानातली बाई उतरताना भरायचे कागद वाटत आली आणि ताईने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. तिने तो कागद सावकाश भरला. व्यवसायाच्या जागी मी तिला ‘काही नाही’ लिहायला सांगितलं, तिने ‘तपासनीस’ लिहिलं आणि अक्षर नीट आलं नाही म्हणून दुसरा कागद मागितला. पेन माझ्या हाती परत आलं तेव्हा वही पिशवीत गेली होती, आणि खाली दिवे दिसायला लागले होते.